धावत्या उंदरांची साक्ष

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सिव्हर्टसेन आणि दाहलस्ट्रॉम या दोन संशोधकांनी मृत्यूचे दाखले बाहेर काढले आणि मेलेला माणूस हयातीत कोणतं काम करत होता, याचा ताळा मांडला. १९२२ साली त्यांनी निष्कर्ष छापले. अंगमेहनतीची कामं करणाऱ्यांत कर्करोगानं मरणाऱ्यांचं प्रमाण कमी होतं आणि बैठी कामं करणाऱ्यांत जास्त. घाम गाळणाऱ्याला कर्करोग कमी होतो, हे म्हणायला त्यांच्या हाती कागदोपत्री काहीतरी आलं होतं.

निष्कर्ष मोहात पाडणारा होता, पण कच्चा होता. शेतकरी आणि कारकून यांच्यातला फरक फक्त घामाचा नसतो. दोघांचं खाणं वेगळं, व्यसनं वेगळी, राहती हवा वेगळी. कर्करोगाचं निदान करणारा डॉक्टर गाठणं हेही दोघांना सारखं सोपं नसतं, आणि निदानच झालं नाही तर दाखल्यावर कारण दुसरंच लिहिलं जातं. यातून व्यायामाचा वाटा वेगळा काढायचा, तर एकाच वंशाचे, एकाच वयाचे, एकच खाणं खाणारे जीव हवेत. त्यांतल्या अर्ध्यांना पळवायचं आणि अर्ध्यांना बसवून ठेवायचं. माणसांच्या बाबतीत हे जमत नाही, म्हणून हा प्रश्न उंदरांकडे गेला.

विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरल्ड रश आणि क्लाइन यांनी उंदरांच्या अंगात गाठ रुजवली आणि काहींना फिरत्या पिंजऱ्यांत ठेवून सतत हालचाल करायला लावली. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात हालचाल करणाऱ्या उंदरांच्या गाठी सावकाश वाढल्या. पुढे १९६२ साली हॉफमन, पाश्किस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या उंदरांना दमेपर्यंत व्यायाम करायला लावला, तेव्हाही गाठींची वाढ रोखली गेली. त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. दमलेल्या स्नायूंचा अर्क काढून तो गाठ असलेल्या इतर उंदरांना टोचला, तर त्यांच्याही गाठींची वाढ मंदावली. काम करणारा स्नायू रक्तात काहीतरी सोडतो, अशी ही शंका होती. त्या 'काहीतरी'ला नाव मिळायला मात्र आणखी काही दशकं जावी लागली.

एक जुना संशय या सगळ्या प्रयोगांच्या मागे लागला होता, तो भुकेचा. १९०९ मध्ये कार्लो मोरेस्की यांनी दाखवून दिलं होतं, की उंदरांना कमी खायला दिलं तर त्यांच्यात रुजवलेल्या गाठी कमी वाढतात. पाच वर्षांनी पेटन राउस यांनाही तसंच दिसलं. पळणारा उंदीर ऊर्जा खर्च करतो आणि सडपातळ राहतो. मग गाठ कशामुळे रोखली गेली, पळण्यामुळे की अंगावर चरबी न साठल्यामुळे? या क्षेत्रातला कोणताही प्रयोग वाचताना आधी हा प्रश्न विचारावा लागतो. उंदरांची वजनं किती होती, कोणी किती खाल्लं, याची नोंद नसेल तर उरलेले आकडे फार बोलत नाहीत.

चाक आणि पट्टा

प्रयोगशाळेत दोन प्रकारचे उंदीर असतात. 'माउस' म्हणजे वीस-पंचवीस ग्रॅमचा चिमुकला प्राणी. 'रॅट' म्हणजे त्याच्या दसपट वजनाचा दांडगा भाऊबंद, ज्याला इथे मोठा उंदीर म्हटलं आहे. दोघांनाही पळवण्याच्या मुख्य पद्धती दोन.

पहिली पद्धत चाकाची. पिंजऱ्यात फिरतं चाक लावून ठेवायचं. उंदराला वाटलं तर तो त्यावर चढतो, वाटलं तर उतरतो. उंदीर निशाचर असल्यामुळे तो रात्री पळतो, थोडं पळतो, थांबतो, पुन्हा पळतो. एका रात्रीत काही किलोमीटर सहज होतात. पिंजऱ्यात कोंडल्यामुळे वेड लागून तो असा पळत असावा, अशी शंका बरीच वर्षं घेतली जात होती. नेदरलँड्समधल्या लायडन इथल्या योहाना मायर आणि युरी रॉबर्स यांनी ती सरळ तपासली. त्यांनी उघड्या निसर्गात चाकं ठेवली आणि कॅमेरे लावले. रानातले मोकळे उंदीर आपणहून येऊन चाकावर पळाले. चिचुंद्र्या आल्या, बेडूक आले, गोगलगायीसुद्धा चढल्या. २०१४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि चाकावर पळणं ही कैदेची विकृती नाही, हे बऱ्यापैकी स्पष्ट झालं.

दुसरी पद्धत ट्रेडमिलची. सरकत्या पट्ट्यावर उंदीर ठेवायचा. वेग, चढ आणि वेळ माणूस ठरवणार. उंदीर मागे पडला तर पट्ट्याच्या शेवटी बसवलेल्या जाळीतून त्याला विजेचा सौम्य झटका बसतो. बऱ्याचदा हे सगळं दिवसा, म्हणजे त्याच्या झोपेच्या वेळी चालतं. मध्यरात्री आपल्याला अंथरुणातून उठवून कुणी पाठीत काठी टोचत पळवलं, तर त्याला आपण व्यायाम म्हणणार नाही.

खरा पेच इथेच आहे. 'जोरदार' व्यायामाचा परिणाम तपासायचा तर जोर किती हे आपल्या ताब्यात हवं. चाकावर तो ताबा उंदराकडे असतो, म्हणून संशोधक पट्ट्याकडे वळतो. पट्टा आला की सक्ती येते, सक्तीबरोबर भीती आणि भीतीबरोबर ताणाची संप्रेरकं येतात. ही संप्रेरकं प्रतिकारशक्तीवर स्वतःचा परिणाम करतात. परिणाम जोराचा मोजला की ताणाचा, हे मग सांगणं कठीण होतं.

एकाच प्रश्नाची उलटसुलट उत्तरं

हेन्री थॉम्प्सन यांनी मोठ्या उंदरांच्या मादीत रसायनानं स्तनाचा कर्करोग घडवून त्यावर व्यायामाचा परिणाम अनेक वर्षं अभ्यासला. १९८८ साली त्यांच्या गटानं प्रसिद्ध केलेला निष्कर्ष सगळ्यांच्या अपेक्षेविरुद्ध होता. डीएमबीए हे रसायन देऊन ट्रेडमिलवर पळवलेल्या उंदरांत गाठी उलट वाढल्या. पुढच्याच वर्षी या वाढीत आहारातल्या स्निग्ध पदार्थांचा वाटा किती, हे शोधणारा अभ्यास त्यांनी केला. १९९५ मध्ये मात्र चित्र पालटलं. यावेळी रसायन वेगळं होतं, उंदरांचा वंश नेमका निवडलेला होता आणि व्यायामाचा जोर त्यांच्या कमाल क्षमतेच्या ३५ किंवा ७० टक्के असा मोजून ठरवलेला होता. या प्रयोगात जोर वाढत गेला तसा कर्करोग कमी होत गेला.

एकाच संशोधकाच्या हातून दोन परस्परविरोधी निष्कर्ष आले, याचा अर्थ एक प्रयोग खोटा होता असा नाही. रसायन कोणतं, ते दिल्यावर किती दिवसांनी पळायला लावलं, आहार कसा होता, यांतली एकेक गोष्ट बदलली की उत्तरही बदलतं. २००९ साली लिसा कोल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी पी-५३ या जनुकाची एक प्रत गमावलेल्या उंदरांवर काम केलं. हे जनुक बिघडलेल्या पेशींना वाढू देत नाही, त्यामुळे ते अधू असलेल्या उंदरांना स्तनाचा कर्करोग होण्याकडे मुळातच कल होता. त्यांना ट्रेडमिलवर पळवल्यावर कर्करोग घटला नाही, वाढला. म्हणजे पळण्याचं फळ पळणाऱ्याच्या जनुकांवरही अवलंबून असतं.

बसून राहणाऱ्या उंदरांकडेही नीट पाहायला हवं, कारण तुलना त्यांच्याशीच होते. मार्क मॅटसन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ठासून मांडलं, की प्रयोगशाळेतला 'सामान्य' उंदीर सामान्य नसतोच. त्याच्यापुढे अष्टौप्रहर खाणं असतं आणि हालचालीला जागा नसते. तो लठ्ठ होतो, त्याची चयापचय क्रिया बिघडते आणि तो अकाली मरतो. मग प्रयोगात दिसणारा फायदा व्यायामाचा म्हणायचा, की व्यायाम केलेला उंदीर निरोगी आणि दुसरा आजारी होता असं म्हणायचं? तापमानाचाही प्रश्न आहे. माणसाला सोयीच्या वाटणाऱ्या २२ अंशांच्या खोलीत उंदराला थंडी वाजते. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉझवेल पार्क संस्थेत एलिझाबेथ रेपास्की यांच्या गटानं २०१३ मध्ये दाखवलं, की उंदरांना ३० अंशांच्या ऊबदार जागेत ठेवलं तर त्यांच्या गाठी सावकाश वाढतात. त्यासाठी ना पळावं लागलं, ना औषध घ्यावं लागलं.

इतकं वाचल्यावर कुणाला वाटेल, की अशा प्रयोगांतून मग काय कळणार? किती पळावं, किती जोरात पळावं, हे त्यांतून कळत नाही, हे खरंच आहे. पण शरीरात नेमकं काय घडतं, हे पाहण्याची सोय उंदरात आहे. एखादी पेशी काढून टाकून, एखादं रसायन अडवून 'आता काय होतं' असा प्रश्न तिथे विचारता येतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या विषयानं जी प्रगती केली, ती अशा प्रश्नांच्या जोरावर.

कोपनहेगनचा उलगडा

डेन्मार्कमध्ये पर्निले होयमान यांच्या गटानं २०१६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या प्रकरणाचा मध्यबिंदू आहे. लिने पेडरसन या त्याच्या पहिल्या लेखिका. त्यांनी सक्तीचा पट्टा घेतला नाही, पिंजऱ्यात चाकं लावली. गाठी रुजवण्याआधी चार आठवडे उंदरांना हवं तेवढं पळू दिलं. मग एकूण पाच प्रकारांनी कर्करोग घडवून पाहिला. त्यांत त्वचेचा मेलॅनोमा होता, फुप्फुसाचा कर्करोग होता आणि रसायनानं घडवलेला यकृताचा कर्करोगही होता. पळणाऱ्या उंदरांत गाठी होण्याचं आणि वाढण्याचं प्रमाण साठ टक्क्यांहून जास्त घटलं.

गाठी कापून पाहिल्यावर त्यांत एका विशिष्ट प्रकारच्या पांढऱ्या पेशींची गर्दी आढळली. या 'नॅचरल किलर' पेशी. बिघडलेली पेशी ओळखण्यासाठी त्यांना आधीची ओळख किंवा प्रशिक्षण लागत नाही. समोरची पेशी शरीराच्या नेहमीच्या खुणा दाखवत नसेल, तर त्या तिला मारून टाकतात. संशोधकांनी उंदरांच्या शरीरातून या पेशी काढून टाकल्या, तेव्हा पळण्याचा फायदा नाहीसा झाला. 'टी' पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी नसलेल्या उंदरांत मात्र फायदा टिकून राहिला.

या पेशींना गाठीपर्यंत कुणी नेलं? जोर लावून पळताना ॲड्रेनालिन उसळतं. ते या पेशींना रक्तात उतरवतं. उंदरांना बीटा-ब्लॉकर जातीचं औषध देऊन ॲड्रेनालिनचं काम अडवलं, तर गाठी रोखण्याचा परिणाम बोथट झाला. दुसरा दुवा इंटरल्यूकिन-६ या प्रथिनाचा. आकुंचन पावणारा स्नायू ते रक्तात सोडतो, हे कोपनहेगनमध्येच बेन्टे क्लार्लुंड पेडरसन यांच्या गटानं २००० सालच्या सुमारास दाखवून दिलं होतं. प्रतिपिंडं देऊन हे प्रथिन अडवलं, तर मारक पेशी गाठीत पुरेशा शिरल्या नाहीत. हॉफमन यांना १९६२ मध्ये स्नायूच्या अर्कात ज्याची चाहूल लागली होती, त्या जातीच्या एका रेणूला आता नाव आणि काम दोन्ही मिळालं होतं.

व्यायामाचा जोर इथे का महत्त्वाचा, हेही या उलगड्यातून समजतं. रमतगमत चालताना ॲड्रेनालिन फारसं वाढत नाही. दम लागायला लागला की ते झपाट्यानं चढतं, आणि थांबल्यावर थोड्याच वेळात उतरतं. सततच्या चिंतेत किंवा भीतीत ताणाची संप्रेरकं तासन्‌तास, दिवसेंदिवस चढलेली राहतात, आणि त्यांचा परिणाम प्रतिकारशक्ती दबण्याकडे झुकतो. ट्रेडमिलच्या प्रयोगांत उलटसुलट उत्तरं का येत असावीत, याचा एक धागा इथे सापडतो.

होयमान यांच्या गटानं वर्षभरात दुसरा प्रयोग केला, तोही नमुनेदार. स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांचं व्यायामाआधीचं आणि व्यायामानंतरचं रक्त घेतलं. प्रयोगशाळेतल्या कर्करोगाच्या पेशी त्या रक्ताच्या द्रवात ठेवल्या आणि मग उंदरांना टोचल्या. विश्रांतीच्या रक्तात ठेवलेल्या पेशींपासून ९० टक्के उंदरांत गाठी झाल्या. व्यायामानंतरच्या रक्तात ठेवलेल्या पेशींपासून ४५ टक्क्यांतच झाल्या. इथे पळाला कुणी आणि गाठ टळली कुणाची! रक्तातल्या ॲड्रेनालिनच्या जातीच्या संप्रेरकांनी पेशींची वाढ रोखणारी एक यंत्रणा जागी केली होती, असं या गटानं दाखवलं.

एक वाट नव्हे, अनेक

कोपनहेगनची गोष्ट इथे संपली असती तर ती फार नीटस झाली असती. २०२० साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतून हेलेने रुंडक्विस्ट आणि रँडल जॉन्सन यांच्या गटानं वेगळाच निष्कर्ष मांडला. त्यांच्या उंदरांत पळण्याचा फायदा 'टी' पेशींवर अवलंबून होता. त्यांतल्या मारक 'टी' पेशी काढल्या की फायदा गेला. पळालेल्या उंदरांच्या 'टी' पेशी न पळालेल्यांना दिल्या, तर गाठींचा त्रास त्यांनाही कमी झाला. जोरदार पळताना स्नायूंत तयार होणारं लॅक्टेट, ज्याला खेळाडू आजही पाय भरून येण्याचा दोष देतात, नुसतं टोचलं तरी गाठींची वाढ मंदावली. न्यूयॉर्क विद्यापीठात डाफ्ना बार-सागी यांच्या गटानं २०२२ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगात आणखी एक दुवा दाखवला. तो होता इंटरल्यूकिन-१५ या प्रथिनाचा. तिथे उंदीर आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास ट्रेडमिलवर पळत होते, म्हणजे पट्ट्यावरही फायदा दिसू शकतो.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचं २०१५ सालचं काम प्रतिकारशक्तीबद्दल नव्हतंच, ते रक्तवाहिन्यांबद्दल होतं. गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. त्यामुळे गाठीच्या आतल्या भागात प्राणवायू पोहोचत नाही आणि केमोथेरपीचं औषधही पोहोचत नाही. पळणाऱ्या उंदरांच्या गाठींत रक्तपुरवठा सुधारला, प्राणवायूची टंचाई कमी झाली आणि सायक्लोफॉस्फमाइड हे औषध जास्त परिणामकारक ठरलं.

इस्रायलमधल्या तेल अवीव विद्यापीठातून कार्मिट लेव्ही आणि यफ्ताख गेपनर यांच्या गटानं २०२२ साली वेगळा प्रश्न विचारला. मूळ गाठ सोडा, ती पसरते कशी? मेलॅनोमा टोचण्याआधी उंदरांना व्यायाम घडवला, तर दूरच्या अवयवांत कर्करोग पसरण्याचं प्रमाण लक्षणीय घटलं. व्यायाम झालेल्या उंदरांची फुप्फुसं, यकृत आणि लसीका ग्रंथी स्वतःच जास्त ग्लुकोज वापरत होत्या. कर्करोगाच्या पेशींची साखरेची भूक मोठी असते. ज्या अवयवानं साखर आधीच उचलली आहे, तिथे नव्यानं आलेल्या पेशीला बस्तान बसवणं जड जातं, असा या गटाचा अर्थ. याच लेखात त्यांनी माणसांच्या वीस वर्षांच्या नोंदीही तपासल्या. जोरदार व्यायाम करणाऱ्यांत पसरलेल्या कर्करोगाचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी आढळलं. हा आकडा वर्तमानपत्रांत फार गाजला. तो माणसांच्या निरीक्षणाचा आहे, उंदरांच्या प्रयोगाचा नाही. मिनेसोटाच्या दाखल्यांना लागू होणाऱ्या बऱ्याच शंका त्यालाही लागू होतात.

उंदराचं माप आणि माणसाचं

उंदरात रुजवलेली मेलॅनोमाची गाठ दोन-तीन आठवड्यांत डोळ्यांना दिसण्याइतकी होते. माणसात पहिली बिघडलेली पेशी ते हाताला लागणारी गाठ हा प्रवास अनेक वर्षांचा, कधी दशकांचा असतो. उंदराला एका दिवशी लाखो पेशी टोचतात, माणसाला तसं कुणी टोचत नाही. बहुतेक प्रयोगांत उंदीर गाठीच्या आधीपासून पळत असतो, तर बहुतेक रुग्ण व्यायामाचा विचार निदानानंतर करतात. म्हणून उंदीर रात्रभरात पळतो त्या किलोमीटरना एखाद्या आकड्यानं गुणून माणसासाठी पल्ला काढता येत नाही.

मेलॅनोमाचंच उदाहरण घ्या. उंदरांत पळण्यानं जे कर्करोग सगळ्यांत ठळकपणे रोखले गेले, त्यांत तो आहे. २०१६ साली स्टीव्हन मूर आणि सहकाऱ्यांनी अमेरिका आणि युरोपातल्या १४ लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र केली. फावल्या वेळात जास्त व्यायाम करणाऱ्यांत २६ पैकी १३ कर्करोग कमी आढळले. मेलॅनोमा मात्र जास्त आढळला, आणि तोही जिथे उन्हातली अतिनील किरणं तीव्र आहेत अशा भागांत. पळणारा माणूस उन्हात जातो, पिंजऱ्यातला उंदीर जात नाही.

व्यायामाचं प्रमाण ठरवायचं तर ते माणसांवरूनच ठरवावं लागतं, आणि ते काम सुरू झालं आहे. २०२३ साली इमॅन्युएल स्टॅमाटाकिस यांच्या गटानं ब्रिटनमधल्या २२,३९८ अशा लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, जे व्यायाम म्हणून काहीच करत नव्हते. मनगटावरच्या यंत्रानं त्यांची दिवसभराची हालचाल मोजली. जिने झपझप चढणं, बससाठी पळणं, जड पिशव्या उचलून चालणं अशी मिनिटा-दोन मिनिटांची दमवणारी हालचाल ज्यांची रोज साडेतीन मिनिटांच्या आसपास होत होती, त्यांच्यात कर्करोगाचं एकूण प्रमाण १७-१८ टक्क्यांनी कमी होतं. हेही निरीक्षणच आहे. पण जोरानं उसळणारं ॲड्रेनालिन मारक पेशींना कामाला लावतं, हे उंदरांनी दाखवलं नसतं तर इतक्या कमी मिनिटांचा विचार गंभीरपणे घ्यायला फारसं कारण नव्हतं.

खऱ्या परीक्षेचा निकाल २०२५ मध्ये आला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेल्या ८८९ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागलं. मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातली रुग्णालयं त्यात होती. एका गटाला आरोग्याची माहितीपत्रकं दिली. दुसऱ्याला तीन वर्षं मार्गदर्शकासह व्यायामाचा कार्यक्रम दिला. पाच वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचं प्रमाण व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के, तर माहितीपत्रकांच्या गटात ७३.९ टक्के होतं. आठ वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ९०.३ आणि ८३.२ टक्के होतं. हा व्यायाम उपचारांच्या जागी नव्हता, त्यांच्यानंतर होता. तो जिवावर उठणारा नव्हता, बहुतेकांसाठी तो झपझप चालण्यासारखा होता.

अशा रुग्णांना उंदरांनी काय दिलं? व्यायामाचा आकडा नव्हे. कर्करोगाच्या रुग्णानं विश्रांतीच घ्यावी, हा सल्ला दीर्घकाळ शहाणपणाचा मानला जात होता. तो मोडायचा, तर स्नायू आणि गाठ यांच्यात खरोखर काही नातं आहे, हे पटावं लागतं. ते पटवायला मृत्यूचे दाखले पुरले नसते. पेशी काढून, संप्रेरक अडवून, दुसऱ्याचं रक्त वापरून ते नातं तोडून-जोडून दाखवावं लागलं, आणि हे फक्त उंदरांतच शक्य होतं. किती आणि किती जोरात, हा प्रश्न मात्र त्यांना विचारण्यात अर्थ नाही.